21 साइक्स, एक ओहोळ आणि माझी चुकलेली स्लाइड

कोर्सवर्कच्या पहिल्या सत्रात प्रत्येकाला एक पेपर सेमिनारला मांडायचा होता. मी मुद्दाम छोटा शोधला. 2000 साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ ह्यूमन जेनेटिक्स’मध्ये आलेला, ब्रायन साइक्स आणि कॅथरीन अर्व्हन यांचा, इंग्रजी आडनावं आणि वाय गुणसूत्र यांच्यावरचा. वाचायला सोपा, गोष्ट मजेदार, आकडे थोडे. वाटलं, वीस मिनिटांत उरकेल.

उरकला नाही. एका प्रश्नावर मी अडकले आणि तो प्रश्न अजून सुटत नाही माझा. तुम्ही आता संशोधनाच्या तयारीत असाल, तर हा पेपर आणि त्याच्यावर नंतर आलेलं काम एकत्र वाचून बघा. वाईट पेपर ओळखायला कोणीही शिकतं. चांगल्या पेपरातली निसटलेली पायरी दिसायला वेळ लागतो, आणि हा चांगला पेपर आहे.

आधी आडनाव. ‘साइक्स’ हे उत्तर इंग्लंडचं, त्यातही यॉर्कशरच्या पश्चिम भागातलं नाव. मुळाशी ‘सिक’ हा जुना इंग्रजी शब्द आहे. जुन्या नॉर्समध्येही तसाच शब्द आहे. अर्थ: छोटा ओहोळ, पाणथळ घळ, शेताच्या कडेने वाहणारा चर. दक्षिणेकडे याच शब्दाचा शेवटचा ‘क’ ‘च’कडे सरकला आणि ‘सिच’ असं आडनाव झालं. उत्तरेत ‘क’ टिकला. (चर्चला उत्तरेत ‘कर्क’ म्हणतात, त्याच घरातली गोष्ट.) शेवटचा ‘स’ अनेकवचनाचा असेल किंवा ‘चा-ची-चे’ या अर्थाचा. यॉर्कशरच्या डोंगराळ भागात असे ओहोळ पावलोपावली, आणि शब्द तिथल्या बोलीत अजून जिवंत आहे.

आपल्या ‘-कर’सारखं हे गावावरून पडलेलं नाव नाही, हे लक्षात घ्या. गावावरून आलेली इंग्रजी आडनावं वेगळी. हे घराजवळच्या खुणेवरून आलेलं आहे: ओहोळापाशी राहणारा तो. इंग्लंडमध्ये आडनावं वंशपरंपरेने चालू लागली ती 1066 च्या नॉर्मन विजयानंतर. आधी जमीनदारांत, मग हळूहळू सामान्यांत, आणि उत्तरेत जरा उशिराच. साधारण 1400 पर्यंत बहुतेकांना आडनाव चिकटलं होतं. पश्चिम यॉर्कशरचे 1379 च्या डोईपट्टीचे कागद बऱ्यापैकी टिकलेत, त्यामुळे तिथल्या आडनावांचा माग काढणाऱ्यांची चंगळ असते.

आता साधा विचार करा. ओहोळ शेकडो. प्रत्येक ओहोळापाशी कोणीतरी राहणारच. मग ‘साइक्स’ हे नाव एकमेकांशी काही नातं नसलेल्या बऱ्याच माणसांना वेगवेगळ्या ठिकाणी पडलं असणार. कागदपत्रांवरून काढलेला अंदाजही हाच होता: अनेक उगम.

साइक्स आणि अर्व्हन यांनी हा अंदाज डीएनएने तपासला. तर्क सुंदर आहे. इंग्लंडात आडनाव बापाकडून मुलाकडे जातं. वाय गुणसूत्रही बापाकडून मुलाकडेच जातं, आणि त्याचा बहुतेक भाग आईच्या कुठल्याही गुणसूत्राशी देवाणघेवाण न करता जातो. म्हणजे एका पुरुषापासून सुरू झालेल्या आडनावाच्या सगळ्या पुरुषांकडे, अधल्यामधल्या उत्परिवर्तनांचा फरक सोडला, तर तेच वाय गुणसूत्र असायला हवं. त्यांनी साइक्स आडनावाचे 48 पुरुष यादृच्छिक पद्धतीने निवडले आणि वाय गुणसूत्रावरच्या चार जागा मोजल्या. या जागांना एसटीआर म्हणतात. तिथे डीएनएचा एक छोटा तुकडा सलग किती वेळा आलाय, ते मोजायचं. चार जागांचे चार आकडे मिळून होतो त्या माणसाचा हॅप्लोटाइप.

48 पैकी 21 जणांचा हॅप्लोटाइप एकच निघाला. जवळजवळ 44 टक्के. त्याच भागातल्या इतर आडनावांच्या पुरुषांत, किंवा सगळ्या ब्रिटनच्या तुलनेच्या नमुन्यांत, तो एकदाही सापडला नाही. उरलेल्या 27 जणांचे हॅप्लोटाइप मात्र आजूबाजूच्या लोकांसारखेच विखुरलेले होते.

यावरून लेखकांनी काढलेला निष्कर्ष: आजच्या साइक्स पुरुषांचा मूळ संस्थापक एकच. मग बाकीचे 27? गेल्या 700 वर्षांत आडनाव आणि वाय गुणसूत्र यांची कुठे ना कुठे फारकत झाली असावी. तसं असेल तर तिचा दर दर पिढीला सरासरी 1.3 टक्के येतो.

मी माझ्या स्लाइडवर ठळक अक्षरात लिहिलं होतं: ‘साइक्स आडनावाचा मूळपुरुष एक. 700 वर्षांतला व्यभिचार: 1.3%.’

वर्ग हसला. माझ्या गाईड हसल्या नाहीत. त्यांनी दोन प्रश्न विचारले. पहिला, “21 जणांचा पूर्वज एक हे दाखवलंस. सगळ्या आडनावाचा संस्थापक एक, हे कुठल्या आकृतीत दाखवलंय?” दुसरा, “व्यभिचार हा शब्द पेपरात आहे, की तुझा आहे?”

दोन्हींना माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पहिला प्रश्न घेऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. समजा, 1300 च्या सुमाराला या नावाचे 20 वेगवेगळे पुरुष होते, वीस ओहोळांपाशी. आज आपल्याला एकाच वंशाचा मोठा गठ्ठा दिसतो. याने बाकीचे 19 नव्हतेच हे सिद्ध होतं का? की होते, आणि त्यांचे वंश मधे कुठेतरी खुंटले?

हे कागदावर करता येतं. प्रत्येक पुरुषाला मोठे होणारे मुलगे सरासरी एक, आणि कोणाला किती हे निव्वळ नशिबावर (पॉयसाँ वितरण) असं धरा. पहिल्याच पिढीत पुरुषवंश खुंटण्याची शक्यता 37 टक्के. दुसऱ्या पिढीपर्यंत 53. तिसऱ्यापर्यंत 63. दहाव्या पिढीपर्यंत 84. पंचवीस वर्षांची पिढी धरली तर 700 वर्षांत 28 पिढ्या होतात. तिथवर सुमारे 93 टक्के वंश संपलेले असतात. म्हणजे वीस संस्थापकांपैकी सरासरी एक-दीड उरतो! आज एकच मोठा गठ्ठा दिसतोय तो एकाच संस्थापकामुळे, की वीसजणांच्या सोडतीत एक जिंकल्यामुळे, हे 48 जणांचा डीएनए तपासून वेगळं करता येत नाही.

“पण लोकसंख्या तर वाढली ना,” असं तुम्ही म्हणाल. वाढली, पण सरळ रेषेत नाही. 1348-49 च्या प्लेगने इंग्लंडमधली किमान एक तृतीयांश माणसं नेली, आणि आडनावं रुजण्याचा काळ नेमका तोच होता. शिवाय खऱ्या जगात मुलगे पॉयसाँसारखे समान नशिबाने वाटले जात नाहीत. ज्याच्याकडे जमीन आणि अन्न, त्याचे जास्त मुलगे जगतात आणि पुढे त्यांचेही. त्याने सोडत आणखी विषम होते. या सगळ्याला जेनेटिक ड्रिफ्ट म्हणतात, आणि बी.एस्सी.ला आपण तो बाटलीतल्या रंगीत मण्यांवरून शिकून विसरलेलो असतो.

यात एक जुना किस्सा आहे, तो सांगायचा मोह आवरत नाही. आडनावं का नष्ट होतात हा प्रश्न 1873 मध्ये फ्रान्सिस गॅल्टनने मांडला. इंग्लंडमधली नामांकित घराणी लोप पावताहेत याची तेव्हा चिंता होती. हेन्री वॉटसन नावाच्या पाद्री गणितज्ञाने तो सोडवला आणि उत्तर काढलं की सगळीच आडनावं कधी ना कधी नष्ट होणार, सरासरी मुलगे एकापेक्षा जास्त असले तरी. हे चूक आहे. वॉटसनने समीकरण बरोबर मांडलं होतं, फक्त त्याचं एकच उत्तर पाहिलं. दुसरं तिथेच होतं. बरोबर उत्तर फ्रान्समध्ये बिएनेमेने 1845 मध्येच देऊन ठेवलं होतं आणि ते कोणी वाचलं नव्हतं. आज या प्रक्रियेला नाव मात्र गॅल्टन-वॉटसनचं आहे.

म्हणजे 2000 च्या पेपराला जी पायरी घालायला हवी होती तिचं गणित सव्वाशे वर्षांपासून, तेही आडनावांच्याच निमित्ताने, तयार होतं. माझा खरा आक्षेप हा आहे. चारच एसटीआर घेतले हा आक्षेप बरेच जण घेतात, पण तो मला तितका लागू वाटत नाही. तुलनेचे नमुने घेऊन लेखकांनी तो धोका बराच कमी केला होता.

ही पायरी पुढे तुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी घातली. दोघं तेव्हा लेस्टर विद्यापीठातले. 2009 च्या त्यांच्या पेपरात 40 ब्रिटिश आडनावांतले 1,678 पुरुष आहेत. आडनाव जितकं दुर्मीळ, तितके त्यातले पुरुष एकमेकांचे नातलग असण्याची शक्यता जास्त, हे त्यात नीट दिसतं. स्मिथ आडनावाच्या पुरुषांत काहीच गठ्ठा नाही, रस्त्यावरून कोणीही उचलावेत तसे. लोहार गावोगाव होते, त्यामुळे आश्चर्य नाही. उलट अटनबरो आडनावाच्या दहांपैकी जवळपास नऊ जण एका गठ्ठ्यात. सरासरी 62 टक्के.

इथपर्यंत साइक्सच्या पेपराला बळच मिळतं. पण पुढे त्यांनी दोन गोष्टी पाहिल्या. एक, हे गठ्ठे फार जुने नाहीत. बऱ्याच गठ्ठ्यांचा सामाईक पूर्वज आडनाव पडल्याच्या काळापेक्षा अलीकडचा निघतो. दोन, आडनाव धंद्यावरून पडलं की जागेवरून की बापाच्या नावावरून, याचा विविधतेवर मोजता येण्यासारखा परिणाम दिसला नाही. उगमांची संख्या आजच्या डीएनएत टिकून राहिली असती, तर हा फरक दिसायला हवा होता. संगणकावर वंशांची सोडत चालवूनही उत्तर तेच आलं. आजच्या रचनेवरून 700 वर्षांपूर्वीच्या संस्थापकांबद्दल फारसं खात्रीने सांगता येत नाही, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं आहे.

ध्यानात घ्या, ‘साइक्सचे संस्थापक अनेक होते’ असंही त्यांनी सिद्ध केलेलं नाही. एकच असेलही. या मोजमापाने तो प्रश्न सुटत नाही, एवढंच. सेमिनारमध्ये मला हे सांगता आलं असतं तर!

दुसऱ्या प्रश्नाकडे येते. तो शब्द पेपरात नव्हता. माझा होता.

पेपरात होती ती पितृत्वातली तफावत, आणि तीही ‘तसं असेल तर’ या अटीसकट. माझ्या स्लाइडवर अट गळाली आणि तफावतीचा व्यभिचार झाला. आडनाव आणि वाय गुणसूत्र वेगळे व्हायला किती वाटा आहेत बघा. दत्तक मूल. विधवेने दुसरं लग्न केलं आणि मुलांनी सावत्र बापाचं नाव लावलं. लग्नाआधी झालेल्या मुलाने आईचं आडनाव लावलं. सासऱ्याची जमीन मिळावी म्हणून जावयाने सासऱ्याचं आडनाव घेतलं (जमीनदारांत हे सर्रास होई). कारकुनाने स्पेलिंग दुसऱ्याच नावाकडे ढकललं. या सगळ्यांत कोणीच कोणाला फसवलेलं नाही. तरी आकडा वाचताना आपण पहिला संशय घेतो तो बाईवर. 700 वर्षांपूर्वीची, जिचं नाव कुठल्या कागदावरही नाही, अशी बाई. मी तर तिला आरोपी करून स्लाइडवर उभं केलं होतं आणि वर्ग हसेपर्यंत मला कळलंही नव्हतं.

त्यात 1.3 हा आकडा स्वतःच्या पायावर उभा नाही. तो ‘संस्थापक एक’ या गृहीतावर टेकलेला आहे. संस्थापक पाच असतील तर त्या 27 मधले काही जण इतर चौघांचे अगदी सरळ वंशज असतील, आणि मग ती तफावतच नाही. पहिला निष्कर्ष डळमळला की दुसरा आपोआप डळमळतो. तुम्ही कुठलाही पेपर वाचताना कागदावर बाण काढा: हा आकडा कुठल्या वाक्यावर उभा आहे, ते वाक्य कशावर. माझ्या वहीत आता प्रत्येक पेपरचं असं एक चित्र असतं, बहुतेक वेळा गिचमिड.

एक अडचणीची गोष्टही सांगायला हवी. 1.3 हा आकडा फारसा चुकलेला नसावा. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात लार्मूझो आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये वेगळ्या रीतीने तोच प्रश्न तपासला. कागदोपत्री एकाच पुरुषपूर्वजाचे वंशज असलेल्या माणसांच्या जोड्या घेतल्या आणि त्यांची वाय गुणसूत्रं जुळतात का पाहिलं. दर पिढीला साधारण 1 टक्का. म्हणजे साइक्सच्या पेपराचं उत्तर आसपास बरोबर, पण रीत पूर्ण नाही. शाळेत अशा उत्तराला अर्धे मार्क मिळायचे. मी किती देईन हे अजून ठरत नाही.

हे सगळं वाचून ब्रायन साइक्स यांना कमी लेखू नका. आडनाव त्यांचं स्वतःचं होतं. औषध कंपनी ग्लॅक्सोचे तेव्हाचे प्रमुख सर रिचर्ड साइक्स तुमचे नातलग का, असं त्यांना विचारलं गेलं आणि तिथून हा उद्योग सुरू झाला, हे त्यांनी ‘अ‍ॅडम्स कर्स’ या 2003 च्या पुस्तकात रंगवून सांगितलंय. माणूस स्वतःच्या आडनावाचा मूळपुरुष शोधत असेल, तर एकच मूळपुरुष सापडणं त्याला जरा जास्तच गोड लागणार. पुढे त्यांनी लोकांना वंश शोधून देणारी कंपनीही काढली. हे लपवलेलं नाही, पण वाचताना डोक्यात ठेवावं. तरीही तुलनेचे नमुने, यादृच्छिक निवड आणि दुसऱ्यांना तपासता येईल असं विधान, या तिन्ही गोष्टी त्या छोट्या पेपरात आहेत. किंग आणि जॉबलिंग यांना धडक द्यायला भिंत त्यांनीच बांधून दिली.

तुरी किंग यांचाच 2007 चा एक पेपर याला जोडून वाचा. पूर्व यॉर्कशरमधलं एक दुर्मीळ आडनाव. त्या आडनावाच्या 18 पैकी 7 पुरुषांकडे असं वाय गुणसूत्र सापडलं, जे आफ्रिकेबाहेर जवळपास दिसत नाही आणि पश्चिम आफ्रिकेतल्या नमुन्यांशी जुळतं. कागद तपासल्यावर हे सातजण दोन घराण्यांत बसले, आणि दोन्हींचे मूळपुरुष अठराव्या शतकाच्या शेवटी यॉर्कशरमध्येच राहत होते. आडनावाच्या शब्दकोशात पाहिलं तर अस्सल यॉर्कशरचं नाव. शब्द यॉर्कशरचाच आहे, त्यात खोट नाही. पण शब्दाचा उगम हा त्या माणसांचा उगम नव्हे. आणि मला सगळ्यात आवडलं ते हे, की पेपरात ते आडनाव छापलेलंच नाही. सातजणांनी गालाच्या आतला नमुना दिला होता, घराण्याची बातमी व्हावी म्हणून नव्हे.

शब्दकोशांकडूनही आपण हीच चूक करतो. रीनी यांचा 1958 चा ब्रिटिश आडनावांचा कोश बरीच वर्षं प्रमाण मानला गेला. जॉर्ज रेडमंड्स या यॉर्कशरच्या इतिहासकाराची तक्रार अशी, की कोश जुन्यातली जुनी नोंद शोधतो आणि तिचा अर्थ देतो, पण त्या नोंदीतला माणूस आजच्या घराण्याचा पूर्वज आहे की नाही हे पाहत नाही. एका परगण्यातल्या तेराव्या शतकातल्या नोंदीवरून दुसऱ्या परगण्यातल्या घराण्याचं मूळ सांगायचं, हे कसं चालेल? घराणं त्याच्या गावात, पिढीमागून पिढी मागे नेत शोधावं लागतं. रेडमंड्स, किंग आणि डेव्हिड हे यांनी 2011 मध्ये एकत्र पुस्तक लिहिलं, आणि 2016 चा ऑक्सफर्डचा 45,000हून अधिक आडनावांचा कोश आता नाव कुठल्या भागात केंद्रित आहे ते पाहून मगच उगम सांगतो.

‘साइक्स म्हणजे काय’ याचं उत्तर म्हणून मी आता फक्त ओहोळ म्हणते. ‘साइक्स कोण’ हा वेगळा प्रश्न.

घरी करून बघायचं असेल तर: कॅल्क्युलेटरवर 0 पासून सुरुवात करा. हातातल्या आकड्यातून 1 वजा करा, त्याचा ई-घात घ्या, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. असं 28 वेळा. मग सरासरी मुलगे 1 ऐवजी 1.1 धरून करा, म्हणजे घात घेण्याआधी 1.1 ने गुणा. आकडा 1 कडे न जाता 0.82 च्या आसपास थांबेल. हेच ते दुसरं उत्तर, जे वॉटसनने पाहिलं नाही. वीसपैकी साडेतीन ओहोळ वाहते राहतात. त्यातला कुठला मोठा होणार, ते मात्र कॅल्क्युलेटर सांगत नाही.